गाडीची ओढ

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आज दैवशाला चढावर मधेच बसली. लग्न झाल्यापासून ती हा चढ चालून राह्यली, पण कधी बसली न्हवती.

बाकी सगळं दर रविवारसारखंच. पायथ्याला गाडी थांबवली, ती उतरली, मी एकटा वर गेलो आणि सवयीनं लिंबाखाली तिची वाट बघत थांबलो. दोघांना घेऊन आमची गाडी हा चढ चढत न्हाई — पहिल्या गियरलाबी घुर्र करून बंद पडते. म्हणून इतकी वर्षं ती चालत येते आणि मी गाडीवर. आज बराच वेळ झाला तरी तिचा पदर दिसंना. मंग खाली उतरलो. वळणावरच्या दगडावर बसल्ती. दोन्ही हात गुडघ्यावर. मला बघून लगेच उठायला लागली.

"जरा टेकले व्हते."

म्हटलं दुखतंय का, तर न्हाई. म्हटलं कधीपासून, तर म्हणाली दसऱ्यापासून.

वर वाडीत तिचे वडील काकासाहेब एकटेच राहतात. ती आबा म्हणते, मी मामा. सासूबाई गेल्यावर वर्षभरातच मामा पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चढउतार कायमचा बंद. काठी घेऊन अंगणापुरतं फिरतात. दैवशाला रविवारी जाऊन त्यांचं धुणं-भांडं, पीठ-मीठ, डोक्याला तेल, सगळं करून येते. टेंभुर्णीला आमच्याकडं या म्हटलं की मामा मान हलवतात. "लेकीच्या घरी म्हातारं किती दिवस बसणार?" विषय संपला. आणि आम्हाला तिकडं मुक्काम करता येत न्हाई, कारण शेडमधी रेशमाच्या अळ्या. दिवसातून चारदा तुतीचा पाला टाकावा लागतो. एक वेळ चुकली की कोष हलके निघतात.

येताना उताराला ती मागं बसली. नेहमी माझ्या खांद्याला नुसती बोटं टेकवते. आज पूर्ण हात ठेवला. वजन कळत होतं.

११ नोव्हेंबर

ठरवलं. गाडीची ताकद वाढवायची.

नवी घ्यायचा विषय न्हाई. यंदा शेडचे पत्रे बदलले, त्यातच सगळं गेलं. जीप वर जात न्हाई. वळणावर एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल, मधी दुचाकीपुरतीच वाट. म्हणजे जे करायचं ते आहे त्याच गाडीत. दोन हजार नऊची आहे, शंभर सीसी. आमच्या लग्नानंतरची पहिली मोठी खरेदी. हिच्यावरून दैवशालाला पहिल्यांदा मंठ्याला मावशीकडं नेलं होतं, तेव्हा ती रस्ताभर एक शब्द बोलली न्हवती. मला वाटलं रागावली. उतरल्यावर म्हणाली, वाऱ्यानं तोंडच उघडता येईना.

१४ नोव्हेंबर

सोमेश्वरकडं गेल्तो. शाळेत माझ्या बाकावर होता, आता चौकात गॅरेज आहे त्याचं. सगळं सांगितलं. त्यानं किक मारली, आवाज ऐकला आणि हसला. म्हणाला गाडीचा दम उखडलाय. दीडशेचं जुनं इंजिन बसवता येतं, पण त्याला आरटीओची परवानगी लागते, आणि खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

म्हटलं स्वस्तात काय होतं ते सांग.

म्हणाला विचार करून सांगतो. पण माझ्याच्यानं थांबवंना. तुतीला पाणी सोडलं आणि बांधावर बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत राह्यलो. एक जण म्हणतो कार्बोरेटर मोठा टाका, एक म्हणतो सायलेन्सर बदला, एक म्हणतो मोठा पिस्टन आणि तो ज्यात वरखाली फिरतो तो ब्लॉकबी मोठा बसवा, शंभरची सव्वाशे होते. हे तिसरं मला पटलं. मोठा पिस्टन, मोठी ताकद. सरळ हिशेब.

१५ नोव्हेंबर

अळ्या कोष विणायला लागल्या. आता पाला खात न्हाईत. शेडमधी कसं सुनं सुनं वाटलं. दैवशाला दाराशी उभी राहून गुडघा चोळत होती. मी बघतोय कळल्यावर पदर नीट करायचं नाटक केलं.

२१ नोव्हेंबर

कोष घेऊन जालन्याला गेल्तो. भाव बरा मिळाला. तिथून भंगारवाल्यांच्या गल्लीत घुसलो. चार दुकानं फिरलो. शेवटी एकाकडं जुना मोठा ब्लॉक मिळाला, पिस्टनसकट. दुकानदार म्हणाला बराबर बसतो तुमच्या गाडीला. घासाघीस करून घेतला. पिशवीत घालून मांडीवर ठेवून आणला बसमधी, जसं काही लेकरूच.

सोमेश्वरनं उलटसुलट करून बघितला. तोंड वाकडं केलं. "बसंल. पण मी काई सांगत न्हाई." म्हणजे त्याला पटलं न्हाई. म्हटलं बसव तू.

२४ नोव्हेंबर, रविवार

गाडी गॅरेजात. बसनं फाट्यापर्यंत गेलो आणि पुढं दोघं चालत.

एवढ्या वर्षांत मी हा चढ तिच्यासोबत कधी चाललोच न्हवतो! आज कळलं, तिला चढावर बोलायची सवय आहे. एकटी येते तेव्हाबी बोलत असंल का? एक खडक दाखवला, त्याला ती लहानपणी 'म्हातारी' म्हणायची. शेळ्या घेऊन यायची तेव्हा भाकर त्याच्यावर ठेवून खायची. एका जागी आंब्याचं झाड होतं म्हणे, आता नुसता खड्डा आहे. दहावीचा निकाल घेऊन ती हाच चढ पळत चढल्ती, कारण आबा वर उभे होते. बोलत बोलत थांबायची. मी समजायचो गोष्ट रंगलीय. न्हाई, गुडघा दुखत होता.

मी पिशवी घेतली तिच्या हातातली. म्हणाली, "आज गाडी न्हाई तेच बरं झालं." मंग दोन पावलं गेल्यावर, "पण लवकर आणा."

मामांनी विचारलं गाडी कुठंय. सांगितलं, इंजिनात काम काढलंय. म्हणाले, "तिलाबी वय झालं असंल." दैवशाला त्यांच्या डोक्याला तेल लावून राह्यली होती. डोळे मिटून बसले होते. एवढा ताठ माणूस, पण लेकीचा हात डोक्यावर पडला की लहान पोरासारखी मान ढिली सोडतो.

३० नोव्हेंबर

गाडी आली! आवाजच बदलला. शेताच्या रस्त्याला जरा पिळली तर हँडल हलकं झालं. मी एकटाच हसत होतो. बांधावरनं कोणी बघितलं असंल तर म्हणलं असंल, हरिओमला लागलं येड.

सोमेश्वरनं बजावलंय, पिस्टन नव्यानं बसवलाय, पाचशे किलोमीटर सावकाश. ओझं न्हाई, पिळायची न्हाई, चढ तर बिलकुल न्हाई. पिस्टन आणि ब्लॉक एकमेकांत बसेपर्यंत सबुरी.

३ डिसेंबर

दैवशाला म्हणते मी गाडीला बाळंतिणीसारखं जपून राह्यलो. फडक्यानं पुसताना बघितलं तिनं.

८ डिसेंबर, रविवार

पडलो.

दीडशे किलोमीटरसुद्धा झाले नसतील. पण पायथ्याला आलो, ती उतरायला लागली, आणि मला ते बघवंना. म्हटलं बस. बघू तर. ती म्हणाली सोमेश्वरभाऊनं सांगितलं न्हाई ना. म्हटलं अर्ध्यापर्यंत तर जाऊ. बसली.

सुरुवातीला काय चढली! तिनं माझा शर्ट मागून धरला. मी मागं वळून काही बोलणार एवढ्यात वळणाच्या अलीकडं आवाज बदलला. कोरडा, खरखरीत. मी पिळली अजून. आणि इंजिन एकदम जाम. मागचं चाक जागेवर धरलं, गाडी घसरली. कातळाच्या अंगाला पडलो. दुसऱ्या अंगाला पडलो असतो तर — लिहीत न्हाई.

माझे तळहात सोलले. तिचं कोपर फुटलं आणि गुडघा आपटला. तोच गुडघा. ती रडली न्हाई. आधी विचारलं, "तुमाला लागलं का?"

वरून मामांचा आवाज येत होता. गाडीचा आवाज बंद पडलेला त्यांनी ऐकला असणार. तिला धरून वर नेलं तर मामा चढाच्या तोंडाशी उभे. काठी टेकून दोन-तीन पावलं खाली उतरलेले, आणि पुढंबी येता येईना, मागंबी जाता येईना.  शेजारची बेबीनंदा पळत आली आणि तिनं त्यांना मागून धरलं, तेव्हा वर सरकले.

 मामांनी लेकीच्या कोपराला हळद लावली. 

गाडी उताराला ढकलत खाली आणली. दैवशाला माझा खांदा धरून लंगडत आली. 

९ डिसेंबर

सकाळी पाला टाकताना ती बोलली. माझ्याकडं न बघता.

"आबाला भेटाया मी चालत जाईन. बसत बसत जाईन. दिवस लागला तरी जाईन. तुमी हातपाय मोडून घेऊ नका."

 पाला पसरत म्हणाली, "तिथं आबा काठी घेऊन उतराया लागले ते बघितलं मी. एकाच वेळेला दोघं गेले असते माझे."

१२ डिसेंबर

इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, मांजरानं नख्या मारल्यासारखे. सोमेश्वर म्हणाला दोन गोष्टी झाल्या. ब्लॉक दुसऱ्या गाडीचा, उष्णता बाहेर पडायला जागा बराबर न्हवती. आणि तू थांबला न्हाईस. ओरखडलेला पिस्टन माझ्या हातात दिला.  शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ डिसेंबर

जेवताना तिनं न विचारता एक भाकर जास्त वाढली. मी खाल्ली.

१७ डिसेंबर

सोमेश्वर स्वतः घरी आला. चहा घेताना त्यानं दैवशालाला विचारलं, वैनी, तुमाला गाडी जोरात पळायला पाह्यजे का? ती म्हणाली, पळायला कशाला, चढली तरी बास. तो माझ्याकडं वळला. म्हणाला, "ऐकलं का? जोर येगळा, ओढ येगळी. तुला ओढ पाह्यजे."

मंग नीट बसून ठरवलं. तो मोठा ब्लॉक भंगारात. आपलाच जुना ब्लॉक खराद्याकडून लेथवर आतून घासून घ्यायचा, पुढच्या मापाचा नवा पिस्टन आणि रिंगा. क्लचच्या प्लेटा झिजल्यात, निम्मा दम तिथंच वाया जातोय, त्या बदलायच्या. कार्बोरेटर साफ. आणि मागचं चेनचं दातेरी चाक मोठं टाकायचं, जास्त दातांचं, म्हणजे चाक हळू फिरंल पण जोमानं ओढंल. साठच्या वर मात्र पळणार न्हाई.

म्हटलं साठच्या वर मला जायचंय कुठं?

दैवशाला कप उचलायला आल्ती. दाराशी थांबून सगळं ऐकलं. नको म्हणाली न्हाई. जाताना एवढंच, "ह्या टायमाला ते सांगतील तेवढं थांबा."

२२ डिसेंबर, रविवार

ती आज चालत जाणारच होती. सकाळीच बेबीनंदाचा फोन. मामांना परवापासून ताप, आणि कोणाला सांगू नको म्हणाले. दैवशालानं दोन लुगडी पिशवीत टाकली आणि निघाली. मी सोमेश्वरची गाडी मागून तिला पायथ्यापर्यंत सोडलं, डॉक्टरांना फोन लावला, औषधं घेऊन परत गेलो आणि एकटा वर नेऊन दिली. मामा गोधडीत. डोळे लाल. डॉक्टर फोनवर म्हणाले छातीत कफ असंल, खाली आणा, एकदा तपासू. ती म्हणाली आबा चला. मी म्हटलं पाठीवर घेतो, चला. मामांनी भिंतीकडं तोंड केलं.

"इथंच बरा हाय मी."

ती राहिली. मी आलो. अळ्यांना कोण बघणार?

२३ डिसेंबर

एकट्यानं पाला कापणं, टाकणं, कचरा काढणं. अळ्यांचा शेवटचा टप्पा आहे, खाऊन खाऊन थकत न्हाईत. भाकर केली. गोल झाली न्हाई. भाजलीबी न्हाई.

२४ डिसेंबर

दोनदा तिला हाक मारली सवयीनं. "पाणी सोडलं का गं?" म्हणून. शेडमधी माझाच आवाज घुमला.

मामांचा ताप उतरला म्हणे. बेबीनंदानं काढा दिला. फोनवर दैवशाला हळू बोलत होती, ते झोपले होते. म्हणाली, झोपेत सुद्धा काठी उशाशी पाह्यजे त्यांना. मंग म्हणाली, तुमी काय खाल्लं? मी खोटं बोललो.

२६ डिसेंबर

आली. दारातून आत येण्याआधी शेडमधी गेली. अळ्या बघितल्या, मंग चूल, मंग मी. "वाळलात," म्हणाली. चार दिवसांत कोण वाळतं? पण बरं वाटलं.

रात्रीची भाकर गोल होती.

३१ डिसेंबर

गाडी परत आली. ह्या वेळेला आवाज साधाच. पहिल्यापेक्षा दबका, पण भरलेला. पिळली तरी उडी मारत न्हाई. थोडं नाराज वाटलं खरं सांगायचं तर.

पण ह्या वेळेला थांबणार.

५ जानेवारी २०२५

पाचशे किलोमीटर कसे करावे? गावात प्रत्येकाची कामं अंगावर घेऊन राह्यलो. कोणाचं जाफ्राबादला तहसीलचं काम, कोणाचं भोकरदनहून औषध, दैवशालाच्या मावसबहिणीला, मोनालीला, परीक्षेला सोडायचं. चाळीसच्या वर न्हाई, मधी मधी थांबून इंजिन गार होऊ द्यायचं. मोनाली म्हणाली, दाजी, बैलगाडी पुढं गेली आपल्या.

दैवशालाला हसू आवरंना हे ऐकून. किती दिवसांनी हसली.

आज रविवार, चढ मात्र ती बसत बसत चालतच चढली. मी गाडी पायथ्याला ठेवून सोबत चाललो. म्हातारी खडकावर दोघं बसलो. तिनं भाकर काढली. अर्धी मला.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन सोमेश्वर आला. त्यानं तेल बदललं, चेन आवळली, इंजिनाच्या टॅपेटची टकटक कान लावून ऐकली. म्हणाला आता बघ. पण आधी माणूस न्हाई, पोतं.

१६ जानेवारी

सरकी पेंडीचं पोतं मागं बांधलं आणि एकटा गेलो. दैवशालाला सांगितलं न्हाई. पायथ्याला थांबून गाडी गार केली. पहिला गियर. पिळली न्हाई, नुसती धरून ठेवली. चढत राह्यली. हळू, पण थांबंना. वळण आलं. तिथं अजून आमच्या घसरल्याची रेघ आहे कातळावर. गाडी त्या रेघेशेजारून तशीच पुढं गेली.

वर पोतं बेबीनंदाच्या म्हशीला देऊन टाकलं. मामा आत झोपले होते, उठवलं न्हाई.

घरी येऊन तिला सांगितलं. ती पाला कापत होती, हात थांबला. "म्हंजी पेंडीची बरोबरी करायची का मी?" म्हणाली. पण डोळे भरले होते.

१९ जानेवारी, रविवार

हे सगळं नीट लिहायचंय.

पायथ्याला गाडी थांबवली. सवयीनं तिनं एक पाय खाली टाकला. म्हटलं, बस. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, तू म्हणशील तर न्हाई. थोडा वेळ तशीच, एक पाय खाली, एक वर. मंग बसली. ह्या वेळेला शर्ट धरला न्हाई, दोन्ही हातांनी कमरेला धरलं.  इंजिनाचाच आवाज, एकसारखा. म्हातारी खडक गेला. वळण आलं, तिची हनुवटी माझ्या पाठीला टेकली. वळण गेलं. आंब्याचा खड्डा गेला. लिंब दिसला. मी थांबलो न्हाई तिथं, सरळ अंगणात नेली.

उतरून सरळ उभी राहिली. म्हणाली, "दमलेच न्हाई मी."

मामा दारात उभे होते. आवाज ऐकून आले असतील. काठी टेकत जवळ आले. गाडीभोवती एक फेरी मारली. बैल विकत घेताना मारतात तशी.

"दोघं बसून आलाव?"

म्हटलं हो मामा.

"मधी कुठं उतरली न्हाई ही?"

"न्हाई."

बसले बाजेवर. जेवण झालं. दैवशाला भांडी घासायला बसली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. बराच वेळ काठीचं टोक मातीत फिरवत राह्यले.

"हरिओम, मला खाली नेलं तर परत वर आणता येईल का हिच्यावरनं?"

मला उमगंना. म्हटलं येईल की. तुमचं वजन तर दैवशालापेक्षाबी कमी.

मंग ते बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं न्हवतं. "दवाखान्यातनं आणलं तवा चौघांनी बाजंवर घालून खांद्यावरनं आणलं मला. तू फुडं डाव्या अंगाला व्हतास. बाया दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. एकीनं लेकराला आत ओढलं. मी सगळं बघत व्हतो पडल्या पडल्या. जित्या माणसाला तसं आणत न्हाईत. तवाच ठरवलं, आता खाली जायचं ते एकदाच."

त्या दिवशीचं मला आठवतं. आम्ही चौघांनी किती सांभाळून नेलं होतं त्यांना! एक धक्का लागू दिला न्हाई. वर पोचल्यावर मी खांदा चोळत दैवशालाला म्हणालो होतो, बघ, कसं अलगद आणलं.

दैवशाला हातात राखेचं भांडं घेऊन मागं उभी होती. "आबा, मंग लेकीच्या घरी ऱ्हायचं न्हाई म्हनत व्हता ते?"

"ते लोकांना सांगाया बरं असतंय."

"मला तर सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, आनू की परत चौघं मिळून."

ती खाली बसली त्यांच्या पायाशी. राखेचे हात तसेच.  मामा म्हणाले, "पुढल्या रविवारी ये न्यायला. चार दिवस येतो. गुरुवारी परत आणून सोडायचं. बोल."

म्हटलं, शब्द.

२६ जानेवारी, रविवार

मामांना खाली आणलं.

पांढरं धोतर, टोपी, इस्त्री केल्यासारखा ताठ कणा. बेबीनंदानं त्यांची शेळी ठेवून घेतली. काठी माझ्या आणि त्यांच्या मधी आडवी. इंजिन पहिल्या गियरमधीच ठेवलं, म्हणजे गाडी स्वतःच धरून धरून उतरते. दैवशाला पिशवी घेऊन पुढं चालत होती, उताराला काय लागतंय म्हणाली. अर्ध्यात एकदा मागं वळून बघितलं तिनं, आणि मंग बघितलंच न्हाई. पदर डोळ्याला लावून चालत राह्यली.

मामांनी दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले होते. पायथ्याला आल्यावर म्हणाले, "थांब जरा." डांबरी रस्त्याकडं बघत राह्यले. एक एसटी गेली, दोन ट्रॅक्टर गेले. म्हणाले, "चल."

दुपारी शेडमधी खुर्ची टाकून दिली. अळ्यांनी पाला खायचा आवाज ऐकत बसले. म्हणाले, लई खादाड जात हाय. दैवशालानं पाला टाकायला घेतला तर तिच्या हातातून एक जुडी मागून घेतली आणि बसल्या जागेवरनं टाकली. नीट पसरून.

२८ जानेवारी

डॉक्टरांनी छाती तपासली. कफ मोकळा झालाय. गुडघाबी दाखवून घेतला दैवशालाचा, मामा आत येऊन बसले म्हणून तिला न्हाई म्हणता आलं न्हाई. चढ बंद करा, व्यायाम करा, म्हणाले डॉक्टर. मामा म्हणाले, "चढ बंदच झालाय तिचा."

३० जानेवारी, गुरुवार

ठरल्याप्रमाणे मामांना सोडायला निघालो. पिशवी हँडलला अडकवली, काठी मधी घेतली, ते मागं बसले. दैवशाला आत निघून गेली, तिला बघवत न्हवतं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात पाठीवर हात पडला.

"वळव."

म्हटलं काही राहिलं का.

"न्हाई. गाडी चढती ना? मंग जाऊ की कवाबी."